समुद्राला बावटा आणि डोंगराला कुलूप: फाटकाची चावी ज्यांच्याकडे आहे त्यांना खुलं पत्र

मान्यवर साहेब,

साहेब म्हणजे नेमके कोण हे मलाही नीटसं ठाऊक नाही. अभयारण्याच्या फाटकाची चावी सध्या ज्यांच्या टेबलाच्या खणात असेल ते. बदल्या होतात, खुर्च्या फिरतात म्हणून नाव घालत नाही, आणि नाव घालून कोणाला टोचायचंय असंही नाही. पत्र उघडं ठेवलंय कारण बंद पाकिटातली दोन पत्रं आवक वहीत शिक्का खाऊन गप्प बसलीत, शिवाय यातलं बरंचसं आमच्यासारख्या डोंगरात जाणाऱ्यांनीही वाचायला हवं.

माझा काय संबंध ते आधी सांगतो. मी गोव्यातल्या डिचोलीचा, शाळेत शिकवतो. आजोळ सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या अगदी काठावर. गणेशचवथीला नि मे महिन्यात तिथं जायचं, मामाच्या मागे मागे फिरायचं, असंच जंगल शिकलो. करवंद कुठलं गोड, व्हाळ, म्हणजे ओढा, कुठून ओलांडायचा, माळरानावरचा कातळ पावसात कुठं शेवाळतो, हे सगळं मामाच्या पायांकडे बघून. आता पन्नाशीला आलो तरी पावसाळ्यात दोन-तीनदा आम्ही दहा-बाराजण जातोच, त्यात माझे जुने विद्यार्थी असतात, बेळगावचे एक-दोन दोस्त, कधी कोणाची बायको-मुलं. पैसे घेत नाही, कंपनी नाही, इन्स्टाचं पेज नाही. मामा पुढे, बाकीचे मागे.

यंदा जूनमध्ये रीतसर जायचं ठरवलं. म्हटलं, मास्तर माणूस, मुलांना कायदा शिकवतो तर आपण चोरवाटेने का जायचं. अर्ज लिहिला, नावं, वय, फोन, आधारच्या झेरॉक्स, मार्ग, सगळं. कार्यालयात पहिल्यांदा गेलो तर साहेब साईटवर, दुसऱ्यांदा गेलो तर क्लार्क बाई रजेवर, तिसऱ्यांदा कागद मिळाला, सही-शिक्क्यासकट, त्यावर तारीख शनिवारची. शनिवारी सकाळी साडेसातला फाटकावर पोचलो तर खांबाला सेलोटेपने कागद चिकटवलेला, अर्धा भिजलेला, "पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद". आदेश कोणाचा, कधीचा, कशासाठी, काही नाही. फाटकावरचा पोरगा बिचारा चांगला होता, म्हणाला, "सर, काल सांजेला फोन आला, बंद कर म्हणून. मी काय करू?" मी त्याला माझा कागद दाखवला, त्याने मला त्याचा कागद दाखवला. दोन्ही सरकारी.

आम्ही परतलो. राग आला पण परतलो. मामाच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून भाजी-पाव खाल्ला, चहा घेतला, आणि तेवढ्यात समोरून चार बुलेटी गेल्या, काळ्या नंबरपाटीच्या, भाड्याच्या, आठजण, एकाच्या पाठीवर स्पीकर, एकाच्या हातात पिशवी जिचा आवाज ऐकूनच कळतं आत काय आहे. ते फाटकाकडे गेलेच नाहीत. काजूच्या बागेतून जी पायवाट आत जाते तिच्यावर गाड्या टाकून गेले, कारण व्हिडिओत कोणीतरी ती वाट दाखवलीय. परवाना असलेले बाहेर चहा पीत बसलेले आणि कसलाच कागद नसलेले आत.

दुपारी पाऊस वाढला. चारच्या सुमारास त्यातला एक धावत आला, अंगावर फक्त शर्ट, ओला, "अंकल, कोणीतरी या, मित्र पडलाय". मामा उठला. मामाचं वय एकसष्ट, गुडघा दुखतो. गावातले चार पोरगे, मी, आणि मामा. वर जाऊन बघतो तर पोराचा घोटा उलट्या दिशेला वळलेला, खडकाच्या कडेवर बसून थरथरतोय, बाजूला व्हाळ वाढत चाललेला. दोन बांबू तोडले, मामीची चादर त्यावर बांधली, त्याला त्यात घातलं आणि तीन किलोमीटर खाली आणलं. चिखलात प्रत्येक वीस पावलांनी खांदा बदलायचा. नेटवर्क नाही, म्हणून एका पोराला आधीच खाली पळवलं होतं १०८ ला फोन करायला. गाडी रस्त्यावर उभी होती तेव्हा अंधार पडला होता. पोरगा वाचला, आता काठी घेऊन चालतो असं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं आली. मामाला विचारलं, "बंदी असताना तुम्ही आत कसे गेलात?"

साहेब, एवढं एकच वाक्य आहे ज्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. बाकीच्या तक्रारी जुन्या आहेत, सगळ्यांच्या आहेत. पण त्या माणसाने खांद्यावर चादर घेतली नसती तर तुमच्या फाइलीत अजून एक मृत्यू लागला असता, आणि त्याला विचारतात आत कसा गेलास.

आता मुद्द्यावर. बंदी का घालतात ते मला समजतं, मी काय आंधळा नाही. २०२३ च्या जुलैत नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, त्याच सुमाराला सत्तरीत पालीच्या धबधब्यावर व्हाळ वाढून शंभराच्या वर माणसं पलीकडे अडकली, दोर लावून काढावी लागली. लगेच अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली. त्या वेळी मीही म्हटलं होतं, बरं केलं. आठवडाभर, महिनाभर ठीक आहे, जीवाचा प्रश्न आहे. पण तेव्हापासून दर पावसाळ्यात "यंदा उघडं की बंद?" हा प्रश्न आम्ही चतुर्थीच्या तारखेसारखा एकमेकांना विचारतो, फरक इतकाच की चतुर्थीचं उत्तर कालनिर्णयात सापडतं.

मला सांगा, गोव्यात माणसं समुद्रात बुडत नाहीत? डोंगरात बुडतात त्याच्यापेक्षा किती जास्त बुडतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मग सरकारने काय केलं, कळंगुटला फाटक लावलं? बाग्याला सेलोटेपने कागद चिकटवला? नाही ना. २००८ पासून किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहा, लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका, शिट्टी वाजली की बाहेर या. पावसाळ्यात समुद्रात पोहायला मज्जाव असतो, बरोबरच आहे, पण मिरामारच्या वाळूवर छत्री घेऊन उभं राहायला कोणी कोणाला अडवत नाही. लोक येतात, लाटा बघतात, भजी खातात, घरी जातात. समुद्राच्या बाबतीत आपण पाण्यात उतरणं वेगळं आणि काठावर चालणं वेगळं असा फरक करतो. डोंगराच्या बाबतीत हा फरक कोणीच करत नाही. बुडाले ते धबधब्याखालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, उतरून बुडाले. त्याची शिक्षा माळरानावर फुलं बघायला, पक्षी बघायला, नुसतं चालायला जाणाऱ्याला का?

कोंडीत उतरायला बंदी घाला, वर्षभर घाला, मी स्वतः तुमच्या बाजूने उभा राहतो. धबधब्याखालची कोंड वरून शांत दिसते, आत पाणी भोवऱ्यासारखं ओढतं, पाणी थंड असतं, पोटात दोन पेग असतात, पोहायला येत असलं तरी हातपाय चालत नाहीत. यात वाद नाही.

मामाकडून शिकलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याच तुमच्या फलकावर नाही. व्हाळाच्या काठी जेवायला बसायच्या आधी मामा एक मोठा खडक बघतो, त्याच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या अंगाला पाण्याच्या चार बोटं वर पानाच्या डबीतला चुना बोटाने ओढतो. एक रेघ. मग जेवायला बसतो, पण पाठ कधीच व्हाळाकडे करत नाही. पाणी रेघेला टेकलं की जेवण अर्ध्यावर टाकून उठायचं, डबा बंद करायचीही वाट बघायची नाही. पाणी गढूळ झालं, सुकी पानं नि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की रेघेचीही वाट बघायची नाही. "उदक तांबडें जालें, चल भायर," एवढंच म्हणतो. खाली ऊन असलं तरी. कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडायची गरज नसते, तो वर चोर्ला घाटात, कणकुंबीच्या बाजूला पडलेला असतो आणि त्याचं पाणी थोड्या वेळाने आपल्यापर्यंत येतं. पालीला असंच होतं. शहरातून आलेल्याला हे कसं कळणार? त्याला वाटतं आकाश निळं आहे म्हणजे सगळं ओके.

हे ज्ञान तुमच्याकडे फुकट पडून आहे साहेब, प्रत्येक गावात दोन-चार मामा आहेत. त्यांना तुम्ही फाटकाबाहेर ठेवता.

आणि सोयीचं असतं तेव्हा आत बोलावता, हेही लिहितो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलाला आगी लागल्या तेव्हाचं आठवतं? नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, सगळ्यांनी फोटो काढले. पण वर डोंगराच्या अंगाला जिथं हेलिकॉप्टरचं पाणी पोचत नाही तिथं हिरव्या फांद्या घेऊन कोण चढलं होतं? तुमचे वनरक्षक होते, त्यांना सलाम, खरंच, ती माणसं दिवस दिवस न जेवता होती. पण त्यांच्या पुढे वाट दाखवायला गावची पोरं होती, आणि डोंगरात जाणारे आमच्यासारखे काही होते. मार्चमध्ये वाटा माहीत असलेली माणसं हवी होती. जुलैत तीच माणसं घुसखोर.

दुसरी गोष्ट, बंदी फक्त पावसाळ्यातच का आठवते? उन्हाळ्यात जंगल सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं? सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, पालीपासून सुरू झाला, काजू गोळा करायला जाणाऱ्या किती घरांनी तो भोगला. गोचिडीपासून येतो, कोरड्या दिवसांत वाढतो. डिसेंबर ते मे फाटक उघडं असतं, तिकीट फाडून पैसे घेतात, पण लांब पँट घाला, पायाला तेल लावा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि आम्हाला कळवा, असं सांगणारा एक साधा फलक मला कुठल्या फाटकावर दिसला नाही. चापडा हा विषारी साप कसा दिसतो, चावला तर सरळ वाळपईच्या सरकारी दवाखान्यात न्या, चिरा पाडू नका, दोरीने आवळू नका, हेही नाही. फलक आहेत ते "प्लास्टिक टाकू नका" आणि त्याच्या पायाशी प्लास्टिक.

तिसरं कायद्याचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी शिकवतो, कलम २७ मध्ये अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते लिहिलंय आणि कलम २८ मध्ये परवाना कशासाठी द्यायचा ते, अभ्यास, फोटो, संशोधन, पर्यटन. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाच माणूस जंगल बघायला येणार हे मान्य होतं. परवाना देणं ही मेहरबानी नाही, ते काम आहे. आणि काम असेल तर त्याची एक जागा, एक वेळ, एक नियम हवा. मला तीन खेपा का? ज्याला पणजीला जाऊन अर्ज द्यायला सुट्टी मिळत नाही त्याने काय करायचं? तो काजूच्या बागेतून जातो. म्हणजे तुमची पद्धत नियम पाळणाऱ्याला गाळून बाहेर टाकते आणि न पाळणाऱ्याला आत सोडते. चाळणी उलटी धरलीय.

गावच्या हक्कांचं तर बोलायलाच नको. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली, एक साधारण २०८ चौरस किलोमीटर, दुसरं २११. आतल्या गावांचे हक्क ठरवायचं काम अजून रेंगाळतंय. माझ्या मामेभावाची मुलगी जन्मली, शिकली, लग्न होऊन गेली, तरी घरच्या काजूला जाताना तिच्या बापाला अजून विचारतात कुठं चाललास. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली, आम्हा सगळ्यांची मान खाली गेली, त्याचं समर्थन कोणी करू शकत नाही, मी तर नाहीच करणार. पण ज्या गावाला जंगलातून फक्त नोटीस येते आणि एक दमडी येत नाही, त्या गावाला वाघ आपला वाटावा ही अपेक्षा धरायची कशाच्या जोरावर? उच्च न्यायालयाने २०२३ च्या जुलैत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, पुढे ते प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रकल्प व्हावा की नको यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, जेवताना भांडण होतं, ते इथं काढत नाही. पण काहीही झालं तरी फाटकावर गावचा माणूस हवा यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

आता जरा आमच्या लोकांकडे वळतो, नाहीतर म्हणाल मास्तर फक्त सरकारला झोडतो.

डोंगरात जाणाऱ्यांनो, स्पीकर घरी ठेवा. व्हाळाच्या काठी मॅगी शिजवून पाकीट दगडाखाली खुपसलं म्हणजे ते नाहीसं होत नाही. बाटली फोडू नका, गावची गुरं नि पोरं अनवाणी येतात. देवाच्या राईत चपला घालून, शॉर्ट्सवर रील काढायला उभे राहता, तिथं लोकांनी पिढ्यान् पिढ्या काडी तोडलेली नाही, वाळकी फांदीसुद्धा घरी नेत नाहीत. आणि अंगाला जळू चिकटली म्हणून किंचाळत मिठाची अख्खी पिशवी झाडावर मोकळी करू नका, तिला नखाने बाजूला करता येतं, नसेल जमत तर पावसात येऊ नका, कोणी आमंत्रण दिलं नव्हतं.

आणि हो, माझंही पाप आहे. सहा-सात वर्षांपूर्वी एका छोट्या धबधब्याचा फोटो मी टाकला, उत्साहात लोकेशनची पिनसुद्धा दिली. तोवर तिथं गावातली पोरं आणि आम्हीच जायचो. दोन रविवारांनी गेलो तर पायवाटेवर चाळीसेक मोटारसायकली. पुढच्या वर्षी त्या कोंडीत काचा सापडल्या, मामाने एक शब्द काढला नाही, नुसता वाकून काचा गोळा करत राहिला आणि मी त्याच्या बाजूला. फोटो काढून टाकला पण पिन कुठं परत येते? म्हणून या पत्रात मी एकाही वाटेचं नाव घातलेलं नाही, बघितलंत तर कळेल. मैनापी नि पाली सगळ्या पेपरांत आलेली.

तर साहेब, आम्हाला काय हवंय ते लिहितो. जे ताबडतोब होण्यासारखं आहे ते आधी.

मे संपायच्या आत पावसाळ्याचा आदेश काढा. कुठली वाट बंद, कुठली उघडी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कारण काय. मराठीत आणि कोंकणीत, पंचायतीच्या फलकावर, ऑनलाइन, आणि सहीसह. मधेच बंद करायची वेळ आली तर करा, पाऊस कोणाला विचारून पडत नाही, पण मग ज्याला परवाना दिलाय त्याच्या फोनवर मेसेज तरी टाका, अर्जात नंबर कशाला घेता?

डोंगरालाही बावटा लावा. वाळपईला रोज पाऊस मोजतात, गोव्यात आपण अजून इंचात बोलतो, हवामान खात्याचा ऑरेंज-रेड अलर्ट येतो. त्यावरून सकाळी सहाला ठरवा, हिरवा असेल तर चला, पिवळा असेल तर माळरानापर्यंत, व्हाळ ओलांडायचा नाही, लाल असेल तर फाटक बंद आणि त्या दिवशी मी पहिला घरी जाईन. हे ठरवायला समिती, उपसमिती, अभ्यासदौरा लागत नाही.

परवाना फाटकावर किंवा पंचायतीत मिळू द्या, मोबाईलवर मिळाला तर सोन्याहून पिवळं. वाटेगणिक रोजचा आकडा ठरवा, तो भरला की भरला, मंत्र्याचा फोन आला तरी भरला. हे अशक्य नाही हो. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज ३००० जणांची मर्यादा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, आणि फाटकावर उभी असतात ती आजूबाजूच्या गावांच्या समितीची माणसं. तिथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही, कुंपणावरून वाद झाले, गर्दी ३००० म्हणजेही जास्तच, पण निदान कोण आत आहे हे त्यांना माहीत असतं. शेजारच्या कर्नाटकात २०२४ च्या जानेवारीत कुमार पर्वतावर एवढी झुंबड उडाली की रांगा लागल्या, त्यांनीही काही काळ बंद केलं, पण मग ऑनलाइन परवाना आणि दिवसाला ३०० ची मर्यादा घालून उघडलं. आपल्याला ३०० ही नकोत. आपल्या वाटा अरुंद आहेत, तीस-चाळीस पुरेत.

गावचा वाटाड्या सक्तीचा करा. त्याला ट्रेनिंग द्या, ओळखपत्र द्या, विमा उतरवा, दिवसाची ठरलेली मजुरी पर्यटकाकडून घ्या. दूधसागरला जीप नि लाइफ जॅकेटची व्यवस्था बसवता येते तर सत्तरी नि सांगे तालुक्यांत चालणाऱ्यांची का नाही? फाटकावर दोर, ट्यूब, स्ट्रेचर आणि एक वायरलेस ठेवा, म्हणजे मामीची चादर परत धुवावी लागणार नाही (रक्ताचे डाग अजून आहेत, तिने ती आता खाटेखाली ठेवलीय). जमलेल्या पैशातला ठरावीक वाटा त्या पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे जाऊ दे आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा.

बाटली-पाकीट आत नेताना मोजा, प्रत्येकामागे पन्नास रुपये डिपॉझिट घ्या, बाहेर आणलं की परत. दारू सापडली तर परवाना तिथल्या तिथे रद्द, मग तो कोणाचा भाचा असो, माझ्या मामाचा असला तरी.

आणि जे खरंच बंद ठेवायला हवं ते बंद ठेवा, कायमचं. वाघाच्या वावराच्या जागा, वटवाघळांच्या गुहा, ज्या देवराया गावाने आजवर राखल्या त्या. त्याची यादी करा, कारण लिहा, आम्ही स्वतः लोकांना अडवू. गोव्याच्या ३७०२ चौरस किलोमीटरमधला साधारण पाचवा हिस्सा संरक्षित आहे, त्यात माणसाने सगळीकडे जायलाच हवं असा माझा हट्ट नाही. चार-सहा वाटा पुरेत, नीट चालवलेल्या.

शेवटची मागणी माझी वैयक्तिक आहे. त्या दिवशी चादर धरणाऱ्या पाचही जणांना, म्हणजे मामा आणि गावचे चार पोरगे, एक कागद पाठवा. बक्षीस नको, पैसे नकोत, सत्कार तर नकोच, शाल देऊन फोटो काढाल. त्यांची चौकशी संपली एवढंच लिहून पाठवा, कारण मामा अजून वाट बघतोय, पोस्टमन दिसला की सोप्यावरून उठून उभा राहतो.

त्या घटनेनंतर मामाने एक वही केलीय. माझ्याच शाळेतली उरलेली, चौकड्यांची, गणिताची. घरासमोरून कोणी वर जाताना दिसला की हाक मारतो, नाव विचारतो, किती जण, कुठून आले, गाडीचा नंबर, वेळ, आणि घरच्या माणसाचा फोन. परत उतरले की पुढे टिक करतो. टिक नसेल तर काळोख पडायच्या आत बॅटरी घेऊन बघायला निघतो. बरेचजण हसतात, काहीजण खोटं नाव देतात, एकाने शाहरूख खान लिहून ठेवलंय. मामीची कुरकुर चालू असते की हे काम तुला सांगितलं कोणी.

पहिली वही भरत आली आहे. ती कुठल्या कार्यालयात, कुठल्या टेबलावर आणून द्यायची तेवढं कळवा. तीन खेपा घालायची तयारी आहे.

आपला,
सत्तरीत आजोळ असलेला एक डिचोलीकर मास्तर